कुतूहल मोजायला निघालास, तर आधी हे ऐक

"तुम्ही जिज्ञासू आहात का?" असं कर्मचाऱ्यांना थेट विचारलंस तर सगळेच पाचपैकी पाच भरतील, अप्रेझल तोंडावर असेल तर बघायलाच नको. मानसशास्त्रज्ञ टॉड कॅशडन आणि सहकाऱ्यांची कुतूहल मोजणारी २०१८ ची प्रश्नावली जरूर बघ: २५ विधानं, पाच पैलू. त्यातला नव्याचा ताण सोसण्याचा पैलू मला फार मोलाचा वाटतो. माणसं प्रश्न गिळतात ती बहुतेकदा भीतीपोटी.

आमच्याकडे एक ऑपरेटर यंत्राच्या बेअरिंगच्या कव्हरवर हात ठेवून विचारायचा, "हे रात्रपाळीतच का तापतं?" फॉर्मवर त्याचे गुण बेताचेच होते!

म्हणून महिनाभर वही ठेव. "का" कुणी विचारलं, आणि त्यावर साहेब काय बोलले. दुसरा रकाना अजिबात गाळू नकोस. आणि कळकळीने सांगतो, हे आकडे पगारवाढीला जोडू नकोस.