छप्पर अर्धवट टाकून गेलेला ठेकेदार आणि अडवून ठेवलेल्या तुळया

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या आजोबांच्या जुन्या घराचे लाकडी छप्पर आणि दारे-खिडक्यांच्या चौकटी नव्याने करण्याचे काम तिथल्याच एका ठेकेदाराला लाकूड व मजुरीसह 4,80,000 रुपयांना दिले. कागद केला नाही. दर, लाकडाची जात आणि मार्चअखेरची मुदत व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली. आजवर 3,10,000 रुपये दिले, त्यांपैकी 60,000 रोख. नऊपैकी चार चौकटी बसल्या, आढे चढले, निम्मे वासे लागले आणि फेब्रुवारीपासून माणसे येईनाशी झाली. वासे किंजळीचे ठरले होते. त्यांतले काही आंब्याचे आहेत असे दुसरे मिस्त्री सांगतात आणि उरलेले काम, खराब वासे बदलण्यासह, 2,75,000 रुपयांत करून देतो म्हणतात. जुन्या घराच्या दोन सागवानी तुळया ठेकेदाराने रंधा मारण्यासाठी आपल्या कारखान्यात नेल्या. ‘आणखी 90,000 द्या, मग तुळया न्या’ असे तो म्हणतो. पोलिसांत जावे का? दुसऱ्याकडून काम पुरे करून घेतल्यास आमचा हक्क जाईल का?

उत्तर : आपली शेवटची शंका मी आधी घेतो, कारण मृगाला आता जेमतेम सहा आठवडे उरले आहेत आणि उघडे छप्पर कोर्टाच्या तारखांसाठी थांबणार नाही. दुसऱ्या मिस्त्रींकडून काम पुरे करून घेतल्याने आपला हक्क जात नाही. उलट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खालील स्पष्टीकरणानुसार, नुकसान ठरवताना करारभंगामुळे झालेली अडचण दूर करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, याचाही विचार होतो. वेळ असताना छप्पर झाकले नाही आणि पुढे भिंती भिजल्याचा खर्च मागितला, तर ती मागणी टिकणे अवघड जाते.

मात्र नव्या मिस्त्रींनी पहिला खिळा उपसण्यापूर्वी आजच्या कामाची नोंद झालीच पाहिजे, आणि या एका गोष्टीत मी आपल्याला जराही सवलत देणार नाही. वासे एकदा उतरवले की ते कुठले, किती आणि कुणी लावले यावर दोन्ही बाजूंनी केवळ शपथा उरतात. या व्यवहाराशी संबंध नसलेला एखादा स्थापत्य अभियंता आणि गावातील दोन जाणती माणसे यांना सोबत घ्या. प्रत्येक वाशावर खडूने क्रमांक घाला, शेजारी टेप धरून छायाचित्र काढा, दोन वाशांमधले अंतर मोजून लिहा. आंब्याच्या वाशांना भुंगा लागला असेल तर खाली बारीक पिवळसर पूड पडलेली दिसेल. ती झाडून टाकण्याआधी तिचेही छायाचित्र घ्या. बदललेल्या वाशांपैकी दोन-तीन वाशांचे हातभर तुकडे कापून, त्यांवर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावून कोरड्या जागी ठेवा, म्हणजे पुढे लाकडाच्या जातीविषयी वाद झाल्यास ग्राहक आयोगाला नमुना तपासणीसाठी पाठवता येईल. पाहणीचा दिवस ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तो आला तर उत्तम. न आल्यास त्याला संधी दिली होती हे कागदावर राहते.

कागद केला नाही म्हणून करार नाही, असे कायदा म्हणत नाही. अशा कामाचा तोंडी करारही वैध असतो, आणि आपल्याकडे तर दर, जात व मुदत लिहिलेले संदेश आहेत. ते ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, संभाषण पुसू नका. केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. 60,000 रुपयांची रोख रक्कम ही आपली दुबळी बाजू आहे. पैसे दिले त्या दिवसाचा एखादा ‘मिळाले’ एवढाच संदेश, बँकेतून काढलेली रक्कम किंवा त्या वेळी हजर असलेली व्यक्ती, जे असेल ते आताच गोळा करा.

भरपाईच्या आकड्याबाबत बहुतेक लोक चुकतात आणि दिलेली सगळी रक्कम परत मागतात. चार चौकटी आणि आढे आपण ठेवून घेणार असाल, तर 3,10,000 रुपये परत मिळावेत हे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही. हिशेब असा मांडावा : ठरलेल्या रकमेपैकी 1,70,000 रुपये अजून आपल्याकडेच आहेत, काम पुरे करायला 2,75,000 लागणार, म्हणजे करारभंगामुळे पडलेला थेट भार 1,05,000 रुपयांचा. ताडपत्री, अभियंत्याची फी आणि मनस्तापाची भरपाई त्याहून वेगळी मागा. ठेकेदाराचे 90,000 रुपये कोणत्या जादा कामाचे आहेत, हे त्याने तपशिलाने दाखवले पाहिजे. आपण सांगून करवून घेतलेले काही जादा काम खरोखर असेल, तर ते प्रामाणिकपणे मान्य करून हिशेबात धरा.

तुळयांचा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर कौशल्याचे काम करणाऱ्याला आपली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरण्याचा अधिकार करार कायद्याचे कलम 170 देते. कायद्यातच जवाहिऱ्याला पैलू पाडण्यासाठी दिलेल्या हिऱ्याचे उदाहरण आहे. पण तो अधिकार ठरल्याप्रमाणे पुऱ्या केलेल्या कामाच्या मजुरीपुरता असतो. तुळयांना रंधा मारला नसेल तर तो उत्पन्नच होत नाही. मारला असेल तरी तेवढ्या मजुरीपलीकडे, छपराच्या जादा हिशेबासाठी तुळया अडवून ठेवता येणार नाहीत. आपल्या आजोबांच्या घराचे ते लाकूड आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. त्याची लांबी, जाडी आणि ओळखीच्या खुणा, जसे जुन्या सांध्याची खोबण किंवा कोरलेली अक्षरे, नोटिशीत लिहा, म्हणजे बदलून दुसरे लाकूड देता येणार नाही.

पोलिसांकडे आज जाऊ नये, असे माझे मत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणूक सिद्ध होण्यासाठी पैसे घेतानाच काम न करण्याचा हेतू असावा लागतो. इथे निम्मे काम झाले आहे. पोलीस ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणतील आणि आपला मोसमाआधीचा मोलाचा वेळ जाईल. लेखी मागणीनंतर ठेकेदाराने तुळया विकल्याचे कळले, तर मात्र विश्वासाने सोपवलेल्या मालाच्या अपहाराची, म्हणजे कलम 316 खालील तक्रार द्यावी.

खरी दाद ग्राहक आयोगाकडे आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या 1993 च्या निकालात सांगितले. आपण सुतारांना रोजंदारीवर स्वतःच्या देखरेखीखाली ठेवले असते तर ‘वैयक्तिक सेवेचा करार’ असा आक्षेप येऊ शकला असता. ठोक रकमेच्या ठेक्याला तो लागू होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार आपण राहता त्या ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करू शकता, त्यासाठी रत्नागिरीला खेपा घालण्याची गरज नाही. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने दाखल शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण तिचा शेवट गाठू नका.

तेव्हा या आठवड्यातच पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि तिची प्रत त्याच व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर टाका. पाहणीचा दिवस, काम पुन्हा सुरू करण्यासाठी दहा दिवसांची मुदत, ती टळल्यास त्याच्या खर्चाने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची सूचना आणि तुळयांची मागणी, इतके त्यात स्पष्ट असावे. पोलिसांची धमकी किंवा शेरेबाजी घालू नका. गावातल्या माणसाशी संबंध तुटू नयेत असे आपल्याला वाटत असेल, तर ते मी समजू शकतो. रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करता येतो, आणि तिथे लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

नव्या मिस्त्रींशी मात्र दोन पानांचा का होईना, कागद करा. लाकडाची जात, वाशांची जाडी आणि अंतर, लाकूड खरेदीच्या पावत्या आणि हप्ते त्यात असू द्या. हप्ता तारखेला नव्हे तर कामाच्या टप्प्याला बांधा : वासे पुरे झाल्यावर एक, रीप मारून कौले चढल्यावर दुसरा, आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिल्या मोठ्या पावसात छप्पर गळत नाही हे पाहिल्यावर.