‘सदस्य शाळा’ म्हणजे नेमकं काय? वाचकांचे प्रश्न, उत्तरांसह

प्रश्न : मुलीला पहिलीत घालायचं आहे. जवळच्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेच्या माहितीपत्रकावर चार-पाच परदेशी संस्थांची बोधचिन्हं आहेत. एकाखाली ‘सदस्य’, दुसऱ्याखाली ‘उमेदवार शाळा’, बाकी नुसतीच चिन्हं. यातल्या कशावर किती विश्वास ठेवायचा?
– पालक, बाणेर, पुणे

उत्तर : नावातल्या ‘इंटरनॅशनल’वर अजिबात विसंबू नका. ते नाव लावण्याआधी कोणतीही परदेशी संस्था येऊन शाळा तपासत नाही. चिन्हांमागे मात्र काही ना काही नातं असतं आणि ते कोणतं हे शाळेनं सांगायला हवं.

पहिलं नातं अभ्यासक्रम राबवण्याच्या परवानगीचं. आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) ही संस्था अशी परवानगी शाळेला सरसकट देत नाही, कार्यक्रमानुसार देते : प्राथमिक वर्षांसाठी वेगळी, मधल्या वर्षांसाठी वेगळी, अकरावी-बारावीच्या डिप्लोमासाठी वेगळी. तेव्हा ‘आमच्याकडे आयबी आहे’ असं कुणी म्हणालं, तर ‘पहिलीसाठी आहे का?’ हे लगेच विचारा. दुसरं नातं सदस्यत्वाचं. काही संघटना अर्ज आणि वर्गणी एवढ्यावर सदस्य करून घेतात. नेदरलँड्समधल्या लायडनची काउन्सिल ऑफ इंटरनॅशनल स्कूल्स, म्हणजे सीआयएस, सदस्य करण्याआधी कागदपत्रं आणि शाळा दोन्ही पाहते. तिसरं आणि सगळ्यांत कठीण नातं अ‍ॅक्रेडिटेशनचं, म्हणजे ठरलेल्या निकषांवर शाळेचं सखोल मूल्यमापन झालं आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा होणार आहे.

‘उमेदवार शाळा’ म्हणजे अर्जदार शाळा. उमेदवारीमुळे परवानगी मिळेलच याची हमी नाही, हे वाक्य स्वतः आयबीच अशा शाळांना छापायला लावते. माहितीपत्रकात ते बारीक अक्षरांत कुठेतरी सापडेल. सापडलं नाही, तर का नाही ते विचारा.

पडताळणीला दहा मिनिटं लागतात. शाळेचं संकेतस्थळ बाजूला ठेवा आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची शाळांची यादी उघडा. शाखेचं नाव आणि पत्ता तंतोतंत जुळतो का ते बघा. एकाच समूहाच्या पाच शाखा असतात, मान्यता एकीलाच असते आणि चिन्ह पाचही फाटकांवर लागतं. आणखी एक, परदेशी सदस्यत्व असलं तरी सरकारी मान्यता लागतेच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी शालेय माहितीप्रणालीतला क्रमांक, मागून घ्या.

प्रश्न : आमच्या संस्थेची केंब्रिज अभ्यासक्रमाची शाळा सहा वर्षं सुरू आहे. येत्या दोन वर्षांत सीआयएसचं सदस्यत्व आणि पुढे अ‍ॅक्रेडिटेशन घ्यावं असा विचार आहे. सुरुवात कुठून करावी? इमारतीवर आणखी खर्च करावा का?
– सचिव, शिक्षणसंस्था, नाशिक

उत्तर : इमारतीवरचा खर्च तूर्त थांबवा. पाहणीला येणारी माणसं बहुधा इतर सदस्य शाळांमधले शिक्षक आणि शाळाप्रमुख असतात. जलतरण तलाव किती मोठा आहे यापेक्षा पोहण्याच्या तासाला जीवरक्षक हजर असतो का, त्याचं प्रशिक्षण कधी झालं, हे ते विचारतात.

साधारण मार्ग असा : सदस्यत्वासाठी अर्ज आणि तपासणी, मग पूर्वतयारीचं मूल्यमापन, त्यानंतर सुमारे वर्ष ते दीड वर्ष चालणारा स्वयंअभ्यास (म्हणजे शाळेनं निकषांवर स्वतःच केलेलं स्वतःचं मूल्यमापन), शेवटी पथकाची भेट आणि निर्णय. निकषांत शाळेचा हेतू आणि दिशा, कारभार आणि नेतृत्व, अभ्यासक्रम, अध्यापन आणि मूल्यमापन, मुलांचं स्वास्थ्य, कर्मचारी, इमारत आणि पालक-समाजाशी नातं हे सगळं येतं. वसतिगृह असेल तर त्याचे निकष वेगळे.

पहिले तीन महिने कागदांना द्या. संस्थेची नोंदणी, सरकारी मान्यता, लेखापरीक्षित हिशेब, इमारतीचे दाखले. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागतं. जुलैचं असतं आणि जानेवारीचं नसतं, ही नेहमीची त्रुटी. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे परिवहन समिती हवी. तिची इतिवृत्तं आहेत का बघा. दहावीपर्यंत मराठी शिकवण्याची २०२० च्या कायद्याची सक्ती केंब्रिज आणि आयबी शाळांनाही आहे. ती ओझं समजू नका. यजमान देशाची भाषा आणि संस्कृती यांच्याशी शाळेचं नातं काय, हे सीआयएसलाही पाहायचं असतं. आठवड्यातला एक तास उरकणारी शाळा तिथे लगेच उघडी पडते.

त्यानंतरचं काम अधिक अवघड आहे. शाळेच्या ध्येयवाक्यातला प्रत्येक शब्द वर्गापर्यंत उतरलेला दाखवता आला पाहिजे. धोरणात ‘प्रत्येक मुलाच्या गतीनं शिक्षण’ असं लिहिलंय ना? मग पाचवीच्या गणिताच्या तासाला जा. तीसही मुलं एकच पान सोडवत आहेत, ज्यांचं झालं ती हाताची घडी घालून बसली आहेत आणि ज्यांना जमत नाही ती शेजाऱ्याचं बघून उतरवत आहेत, असं चित्र असेल तर ते धोरण कागदावरच आहे. पथकातली माणसं वर्गात मागे बसतात, मुलापाशी वाकून विचारतात, ‘काय शिकतोयस? हे नीट जमलं की नाही, तुला कसं कळेल?’ ‘बाई सांगतील’ एवढंच उत्तर आलं, तर मूल्यमापनाच्या निकषावर तुमची फाईल कितीही जाड असली तरी उपयोग नाही.

स्वयंअभ्यासात सर्वाधिक घोटाळा होतो तो एकाच माणसावर सगळं सोपवल्यानं. समन्वयक दार लावून शेकडो पानं लिहितो. शिक्षकांना त्यातलं काहीच माहीत नसतं. पथक मुलाखती घेऊ लागलं की अहवाल एक सांगतो आणि माणसं दुसरंच. प्रत्येक विभागाला सहा-सात जणांचा गट नेमा. त्यात वर्गशिक्षक हवेत, कार्यालयातलं कुणी हवं, शक्य तिथे पालकही. आधी पालक, मुलं, कर्मचारी आणि विश्वस्त यांची मतचाचणी घ्या. आणि जिथे कमी आहोत तिथे तसं लिहा. कमतरता ओळखून तारखेसह सुधारणेचा आराखडा मांडणारी शाळा पुढे जाते. सगळीकडे ‘उत्तम’ लिहिणाऱ्या शाळेवर शंका घेतली जाते.

धोरणं उसनी आणू नका, हे कळकळीनं सांगतो. दुसऱ्या शाळेचं नाव आत तसंच राहिलेलं बालसंरक्षण धोरण कुणी पाहिलं, तर पुढच्या कागदांवर कोण विश्वास ठेवेल?

प्रश्न : शिक्षक भरतीच्या वेळी इतक्या चौकशा का? चांगला परदेशी शिक्षक दोन महिने थांबत नाही.
– मनुष्यबळ व्यवस्थापक, ठाणे

उत्तर : कारण गंभीर आहे. अनेक देशांतल्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये दशकानुदशकं शिकवणाऱ्या एका अमेरिकी शिक्षकानं मुलांवर अत्याचार केल्याचं २०१४ मध्ये उघड झालं. तरुणपणी त्याला अशाच गुन्ह्यात शिक्षा झालेली होती, तरी एकामागून एक शाळा त्याला घेत गेल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी मिळून बालसंरक्षण कृतिदल नेमलं आणि त्यानंतर मूल्यमापन संस्थांनी भरतीचे निकष कडक केले.

करायचं ते असं. उमेदवाराच्या कामाचा वर्षवार तक्ता काढा. मधल्या प्रत्येक खंडाचं कारण लेखी घ्या. तो जिथे जिथे राहिला त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला मागा, फक्त मायदेशाचा चालणार नाही. ब्रिटनमध्ये काम केलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळतं. भारतीय उमेदवाराचं पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र घ्या. शिफारसपत्र उमेदवाराच्या हातून घेऊ नका. आधीच्या शाळेच्या प्रमुखाकडून शाळेच्या अधिकृत ईमेलवर मागवा, मग शाळेचा क्रमांक स्वतः शोधून फोन करा. ‘या व्यक्तीला मुलांसोबत काम करायला पुन्हा घ्याल का?’ हा प्रश्न थेट विचारा आणि उत्तर तारखेसह नोंदवा. पदव्या विद्यापीठाकडून पडताळा.

हे सगळं एका नोंदवहीत हवं : एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एक तपासणी, प्रत्येक रकान्यात तारीख आणि तपासणाऱ्याची सही. ‘हो’ असं लिहिलेला रकाना ग्राह्य धरला जात नाही. बहुतेक शाळांत शिक्षकांच्या ओळी पूर्ण असतात, पण बसमधल्या ताई, कंत्राटी सुरक्षारक्षक, संध्याकाळचे क्रीडाप्रशिक्षक आणि उपाहारगृहातले कामगार त्या वहीत नसतातच. मुलं एकटी सापडतात ती यांच्याच भोवती. कंत्राटदाराच्या करारात ही अट घाला.

उशीर होतो हे खरं. म्हणून नियुक्तिपत्रात ‘तपासण्या पूर्ण होण्याच्या अधीन’ असं लिहा आणि भरती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच सुरू करा. दाखला येण्याआधी कुणालाही वर्गावर पाठवू नका. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; आधी शाळेत ‘अंतर्गत चौकशी’ करू, ही पळवाट कायदा देत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेचे विश्वस्त एकाच घरातले आहेत. सदस्यत्व मिळायला अडचण येईल का?
– शाळाप्रमुख, कोल्हापूर

उत्तर : घरची मालकी असणं हा दोष नाही. विश्वस्तांनी काय ठरवायचं आणि शाळाप्रमुखांनी काय, याची लेखी सीमा नसणं हा दोष आहे. शिक्षकाची बदली, मुलाचा प्रवेश, परीक्षेचा निकाल यांत विश्वस्तांचा फोन येत असेल, तर मुलाखतीत ते कुणीतरी सांगतंच. अधिकारांचा तक्ता करा, मंडळावर घराबाहेरची दोन-तीन जाणती माणसं घ्या, शाळाप्रमुखांचं वार्षिक मूल्यमापन लेखी ठेवा. तक्रार खुद्द विश्वस्ताविरुद्ध असेल तर ती कुणाकडे जाईल, याचं उत्तर आधीच ठरलेलं हवं.

प्रश्न : दुबईहून परत येतोय. मुलगा आयबी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात आहे. इथली शाळा कुठल्या संघटनेची सदस्य आहे यावर त्याचा महाविद्यालयीन प्रवेश अवलंबून राहील का?
– पालक, सध्या दुबई

उत्तर : नाही. भारतातली विद्यापीठं समकक्षता पाहतात ती परीक्षेची, शाळेच्या सदस्यत्वाची नाही. भारतीय विद्यापीठ संघ आयबी डिप्लोमाला बारावीसमकक्ष मानतो; पूर्ण डिप्लोमा मिळायला ४५ पैकी किमान २४ गुण लागतात. अभियांत्रिकीकडे कल असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय निवडीत आहेत का, हे आजच बघा, कारण डिप्लोमात विषय मध्यावर बदलणं फार कठीण जातं. दुबईत केएचडीए या तिथल्या शिक्षण नियामक संस्थेचे तपासणी अहवाल पालकांना वाचायची सवय असते. इथे तसा सार्वजनिक अहवाल सहसा मिळत नाही. म्हणून नव्या शाळेकडे डिप्लोमाची परवानगी कोणत्या वर्षी मिळाली, आतापर्यंत किती तुकड्या परीक्षेला बसल्या आणि मुलाचे नेमके सहा विषय त्याच पातळ्यांवर तिथे शिकवले जातात का, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी मागवा.