पिल्लं मेली, आणि मुलगा आता गुहागरला यायला नको म्हणतो

प्रश्न : मे महिन्यात आम्ही सगळे गुहागरच्या घरी राहायला जातो, एरवी घर बंदच असतं. गेल्या दिवाळीत सासऱ्यांनी आणि माझ्या 10 वर्षांच्या मुलाने पक्ष्यांसाठी प्लायवूडची पेटी केली, वर पत्रा ठोकला आणि पडवीच्या पश्चिमेकडच्या खांबाला लावली. मेमध्ये गेलो तर आत दयाळाची 3 पिल्लं, पिसंही न फुटलेली. मुलगा सारखा झाकण उघडून बघायचा. आम्हीही फोटो काढले. तिसऱ्या दिवशी पिल्लं मेली. सासरे रागावले नाहीत, पण पेटीचा विषय निघाला की उठून जातात. मुलगा म्हणतो, "मी हात लावला म्हणून मेली." काय करू?

उत्तर : आधी त्याच्या मनातला समज काढा. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लं टाकत नाहीत. पण "तुझं काहीच चुकलं नाही" असंही सांगू नका, ते त्याला पटणार नाही. झाकण उघडलं की पाखरं बिचकतात, चोचीत किडा धरून तारेवर बसून राहतात आणि तेवढा वेळ आतली पिल्लं उपाशी राहतात. उघड्या अंगाच्या पिल्लांना मादीची ऊबही लागते. हे त्याला सरळ सांगा. त्याच दमात हेही सांगा, की झाकण मोठ्यांनीही उघडलं आणि "नको रे" असं त्याला कोणीच म्हटलं नाही.

आता मोठ्यांचा वाटा, आणि तो जास्त आहे. मेमधलं दुपारनंतरचं ऊन, पातळ प्लाय आणि वर पत्रा, म्हणजे पिल्लं आत भाजून निघणार. जागा तर आणखी चुकली. दयाळ मार्च-एप्रिलमध्ये घरट्याची जागा बघतो तेव्हा तुमचं घर बंद, पडवी निवांत. मादीने विश्वासाने अंडी घातली, आणि पिल्लं बाहेर येतात न येतात तोच सगळं बिऱ्हाड त्याच पडवीत येऊन बसलं. सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरात पेटीची जागा मेमधली वर्दळ डोळ्यांसमोर आणूनच ठरवायला हवी.

हे सासऱ्यांशी एकटीने बोला, मुलासमोर नको. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मुलगा "आजोबा मलाच दोषी धरतात" असाच लावतोय. कदाचित ते स्वतःलाच दोष देत असतील. "पत्रा मी ठोकला, जागा मी निवडली" एवढी 2 वाक्यं आजोबांच्या तोंडून आली, की तुमच्या समजावण्यापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. गुहागरला येण्याचा आग्रह आत्ता करू नका. नवी पेटी घरीच करायला घ्या.

फणसाची 6 फूट लांब, 9 इंच रुंद, पाऊण इंच जाड फळी एका पेटीला पुरते. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण भुंगा लागतो आणि पावसात कुजते. प्लायचे थर सुटतात. तळ 15 बाय 15 सेंटीमीटर. दोन्ही बाजू 15 रुंद, मागची कड 30 आणि पुढची 26, म्हणजे छपराला उतार मिळतो. पुढची फळी 19 बाय 26, मागची 19 बाय 45, छप्पर 22 बाय 25. तळ बाजूंच्या मध्ये बसवा. भोक 5 सेंटीमीटर व्यासाचं, त्याची खालची कड तळापासून 15 वर. भोकाखाली आतून करवतीने आडव्या खाचा पाडा, नाहीतर पिल्लांना वर चढता येत नाही. बाहेर बसायला दांडी मात्र लावू नका. दयाळाला ती लागत नाही, कावळ्याला आयती बैठक मिळते. तळाला 4 कोपऱ्यांत 6 मिलिमीटरची भोकं, बाजूंच्या वरच्या कडेला हवेसाठी बोटभर फट. पत्र्याऐवजी छपरावर मंगळुरी कौल बांधा. खाऱ्या हवेत साधे खिळे गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. बाहेरून जवसाचं तेल, आतून काहीही नाही, वॉर्निशही नको. एक बाजू उघडती ठेवा, पण कडी लावू नका. स्क्रूने बंद करा. स्क्रूड्रायव्हर शोधेपर्यंत उघडायचा मोह ओसरतो.

पेटी मागीलदारच्या भिंतीवर, 3 मीटर उंचीवर, भोक उत्तरेला किंवा पूर्वेला. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. नारळा-पोफळीच्या खोडावर उंदीर आणि धामण चढते, आंब्यावर तांबड्या मुंग्या असतात, म्हणून भिंतच बरी. पेटी दिवाळीतच लावा, ती वेळ तुमची बरोबर होती. साळुंकी आत शिरली तर तिलाही राहू द्या. चिमण्या हव्या असतील तर 32 मिलिमीटरच्या भोकाच्या 2-3 पेट्या वळचणीखाली जवळजवळ लावा, त्यांना शेजार आवडतो.

घर बघणाऱ्या शेजाऱ्यांना मार्चअखेरीस फोन करा : मादी सुकं गवत नेतेय का? पाठीवर राखी दिसते ती मादी, काळा कुळकुळीत तो नर. नेत असेल तर मेमध्ये त्या बाजूला दोरी बांधायची आणि कपडे दुसरीकडे वाळत घालायचे. मुलाला दुर्बीण आणि वही द्या. 8-10 मीटरवरून, रोज एकाच जागी बसून, सकाळी अर्धा तास. नर किती वेळा चारा आणतो, मादी किती वेळा, तो मोजेल. अंडी उबायला 2 आठवड्यांच्या आत-बाहेर लागतात आणि पुढे साधारण तेवढेच दिवस पिल्लं आत असतात. शेवटी एखादं पिल्लू खाली उतरलेलं दिसलं तर उचलू नका. आईबाप खालीही भरवतात. मांजर तेवढी कोंडून ठेवा.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, तोंडाला रुमाल बांधून जुनं घरटं काढायचं, उकळतं पाणी ओतायचं, पेटी उन्हात वाळवायची; कीटकनाशक मारायचं नाही. हे काम आजोबा-नातवाचंच असू द्या.