सोफ्याशेजारी ठेवायला सागवानी छोटं टेबल सुताराकडून बनवून घ्यायचंय. काय सांगावं, काय बघावं?

आधी उंची ठरवा. सोफ्याच्या हाताच्या उंचीइतकं किंवा इंचभर कमी. साधारण 22 ते 24 इंच. त्याहून उंच झालं की कप उचलताना कोपर अवघडतं.

लाकूड जुन्या वाड्याच्या तुळयांचं किंवा दारांच्या चौकटींचं मिळालं तर डोळे झाकून घ्या. ते पुरतं वाळलेलं असतं. फक्त खिळ्यांची भोकं आणि वाळवीची पोखरण नीट तपासा.

खरी मेख वरच्या फळीत आहे. अखंड लाकडाची दीड फूट रुंद फळी पावसाळ्यात आडवी दोन-चार मिलीमीटर सहज फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ती खालच्या चौकटीला फेविकॉलने पक्की चिकटवली तर एक दिवस तडकणारच. म्हणून सुताराला स्पष्ट सांगा: फळी स्क्रूनेच बसवा आणि चौकटीतलं स्क्रूचं भोक लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा राहील. चांगल्या कारागिराला हे सांगावंही लागत नाही. पाय मात्र नुसत्या खिळ्यांवर नकोत. आडव्या पट्टीचं टोक पायाच्या खाचेत घट्ट बसलेलं हवं.

फ्रेंच पॉलिश दिसायला फार सुंदर, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. रोजच्या वापराला मॅट पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं बिनचमकीचं पॉलिश घ्या. पॉलिश करण्याआधी एकदा कोरं टेबल बघायला जा. भेगा बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) तेव्हाच दिसते.