प्लॉट बघायला पावसात ये

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "येळ्ळूर रोडला तीस बाय चाळीसचा प्लॉट हाय, रेट बरा सांगायलेत, घेऊ काय?" मी नुसतं हं हं केलं. फोनवर अशा गोष्टी मला बोलता येत नाहीत. चाळीस वर्षं सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे खरेदीदस्त लिहिले, त्यामुळे विचार कागदावरच सुचतो.

रेटचं मागाहून बघू. तिथं आधी काय पिकत होतं, ते विचारलंस काय? त्या रोडच्या दोन्ही अंगाला भाताचं शिवार. बेळगावचा बासमती म्हणून जो नाव मिळवून गेला, तो याच शिवारातला. आणि भात कुठं लावतात? जिथं पाणी थांबतं तिथं. बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-शहापूरच्या शिवारात तळं होतं. जमीन एन.ए., म्हणजे बिनशेती, झाल्याचं नाल्याला कोण कळवणार?

आपलं घराणं शहापूरचं. 1948 पर्यंत शहापूर सांगली संस्थानात, आणि बेळगाव 1947 पर्यंत इंग्रजांकडं. आजोबा सांगायचे, बाजाराला चालत गेलं की राज्य बदलायचं. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा मागवाल्यांचा पट्टा. घर बांधायचं ते मागाच्या मापानं, माणसं उरलेल्या जागेत. हातमाग गेले, यंत्रमाग आले, मग तेही थकले. पोरं उद्यमबागेत फौंड्रीत आणि मशिनशॉपमध्ये लागली. मागाच्या खोलीत आता चंदगड-खानापूरकडची भाडेकरू पोरं राहतात, नाहीतर मोबाईलचं दुकान असतं. गल्लीतलं घर तीन भावांत वाटलं की तीन पट्ट्या होतात आणि जिना कुणाचा हे ठरत नाही. जमिनीपेक्षा जिन्याचीच भांडणं मी जास्त लिहिली असतील.

रेल्वेपलीकडं टिळकवाडी. मूळची ठळकवाडी, हायस्कूलच्या नावात ती अजून आहे. आमच्या लहानपणी गेट पडलं की सायकलवर टेकून मालगाडीचे डबे मोजत उभं राहायचं, त्यामुळं गल्लीतल्या माणसाला तो भाग लांबचा वाटे. तिथल्या ऐसपैस बंगल्यांतली मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, म्हातारी माणसं मागं राहिली, आणि एकेक बंगला पाडून अपार्टमेंट उभं राहिलं. तुला टिळकवाडी महाग वाटते, पण तिथं कागद बहुतेक सरळ असतो. महागाईतला काही भाग त्या सरळपणाचा आहे.

अनगोळ, मजगाव, वडगावकडं तसं नाही. कर्नाटकात 1 मार्च 1974 पासून कुळांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि अर्ज केलेल्या कुळांच्या नावावर चढल्या. फार मोठी गोष्ट झाली ती. पण त्या जमिनी पंधरा वर्षं विकायला बंदी होती. इकडं शहर बांधाला येऊन टेकलेलं, घरात लग्न, दवाखाना, आणि बंदी काही गरज थांबवत नाही. मग लोक खरेदीदस्त न करता नुसत्या बाँड पेपरवर लिहून गुंठा-गुंठा देऊ लागले. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. घर बसतं त्यात.

आता माझी लाज सांगतो. दुसऱ्यांना दस्त लिहून देणाऱ्या मीच अनगोळकडं दीड गुंठा बाँडवर घेतला. स्वस्त होता, आणि शेतकरी ओळखीचा. वीस वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला कर्ज काढायला गेलो, तर उताऱ्यावर अजून त्याचंच नाव. तोवर तो वारलेला. वारस सात. सहा जणांच्या सह्या वर्षात मिळाल्या. सातवी, त्याची धाकटी लेक, गोव्यात दिलेली. तिच्या दारात तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तिनं चहा दिला आणि म्हणाली, "बाबांनी मला काय दिलं ते कुठल्या कागदावर लिहिलंय, सांगा." उत्तर नव्हतं माझ्याकडं. तिचा वाटा देऊन सही आणली.

हलग्याकडचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. 2012 ला तिथं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, झाली तेव्हापासून दलाल तिकडं बोट दाखवतात. अधिवेशन डिसेंबरच्या सुमाराला दहाएक दिवस. बाकी वर्षभर तुझ्या दारावरून बस जाते काय ते बघ.

तेव्हा उतारा, एन.ए.चा हुकूम, बुडाची (नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी आणि तीस वर्षांची ईसी, म्हणजे जमिनीवरच्या बोजा-व्यवहारांचा दाखला, एवढं घेऊन ये. विकणारा घरपट्टीची पावती पुढं करेल; ती पट्टी भरल्याची पावती, मालकीची नव्हे. कन्नड कागदात अडलास तर मी वाचून देतो.

आणि ये तो आषाढात, दोन-तीन दिवस झड लागलेली असताना. आपण दोघं जाऊन प्लॉटवर उभं राहू, शेजारच्या बांधावर जो म्हातारा भेटेल त्याला विचारू. छत्री आण. ती तुझी पांढरी बुटं मात्र घरी ठेव.

तुझा,
काका