जुना काचेचा सर्व्हिंग बाऊल फुंकून केलेला आहे की साच्यात दाबलेला, हे कसं ओळखायचं?

बाऊल पालथा घालून तळ बघा: मधोमध खडबडीत व्रण किंवा घासून गुळगुळीत केलेली गोल खळी असेल, तर तो बहुतेक फुंकून केलेला आहे. फुंकनळीवरून काच सोडवण्याआधी कारागीर तळाला लोखंडी सळई चिकटवतो, मग काठ तापवून आकार देतो. सळई तोडली की ती खूण उरते. तिला पाँटिल मार्क म्हणतात. आता आतून बोट फिरवा. बाहेर बोथट कडांची नक्षी आणि आत एकदम सपाट, तर दाबलेली काच; अमेरिकेत १८२०च्या दशकात ती यंत्रावर होऊ लागली. बाहेरचा उंचवटा आत खळगा म्हणून लागला, तर काच साच्यातच पण फुंकलेली.

मात्र पाँटिल मार्क म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे, आजचे कारागीरही तसंच काम करतात. वयासाठी भिंगातून तळाची कड बघा. खऱ्या वापराचे ओरखडे बारीक, वेड्यावाकड्या दिशांचे आणि फक्त टेकणाऱ्या भागावर असतात. सगळे एकाच दिशेला दिसले, तर कुणीतरी सँडपेपर फिरवलाय असं समजा आणि घेऊ नका.