वाचकांचे प्रश्न : मोक्षधामाबाहेरचे स्मरण

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यानंतर शेतीतच रमले. आपली तेरवी दारात मांडव टाकून न करता शेतातील चिंचेखाली करावी, जेवणावळ न घालता खंजिरीवर भजने म्हणावीत, रक्षा तिथेच मातीत मिसळावी आणि एक लहानसा ओटा बांधावा, असे ते आईला व मला वारंवार सांगत आले आहेत. आता त्यांची प्रकृती फार खालावली आहे. माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मात्र म्हणतात, की असे केले तर भाऊबंद आणि सोयरे तोंडात शेण घालतील. बाबांचा शब्द पाळावा, की मोठ्या बाबांचे मन राखावे?

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. बाबांनी अग्नी कुठे द्यावा याविषयी काहीच मागितलेले नाही. त्यांनी मागितले आहे ते नंतरचे स्मरण. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर घरातील निम्मा वाद आपोआप मिटेल असे मला वाटते. अंत्यविधी काही तासांत उरकावा लागतो, आणि तिरडी बांधण्यापासून सरण रचण्यापर्यंतची सगळी कामे गावातील माणसे न सांगता अंगावर घेतात. तो विधी गावाच्या मोक्षधामातच, मोठ्या बाबांच्या मताप्रमाणे होऊ द्यावा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी. धावपळीत ती राहून गेली, तर वारसनोंदीच्या वेळी हेलपाटे पडतात. स्मरणाला मात्र घाई नसते, आणि तिथे बाबांचाच शब्द चालावा.

मोठ्या बाबांना हे अपरिचित वाटत असेल, तर त्यांना जवळचीच उदाहरणे सांगावीत. आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की मोझरी फार दूर नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला, आणि आजही तिथल्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट समुदाय असेल तिथे स्तब्ध होऊन त्यांना मौन श्रद्धांजली वाहतो. मेळघाटातील कोरकू कुटुंबे आपल्या मृतांसाठी सागवानाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरून तो ‘मुंडा’ नावाचा स्मृतिफलक झाडाखाली उभा करतात. घराबाहेर, झाडाखाली आपल्या माणसाची आठवण ठेवणे हे विदर्भात कोणी आज नव्याने काढलेले खूळ नव्हे. मात्र हे सांगण्याचे काम तुम्ही एकट्याने करू नये. बाबा बोलू शकत असतील, तर मोठ्या बाबांना त्यांच्या खाटेपाशी बसवून बाबांच्याच तोंडून ते ऐकवावे आणि शेतातील कार्यक्रमाचे यजमानपद मोठ्या बाबांकडेच द्यावे.

आता शेताविषयी. पावसाळ्यात तुमच्याकडील पांदण रस्त्याने बंडीसुद्धा निघत नाही, मग म्हातारी माणसे चिखल तुडवत कशी येतील? शिवाय विजा कडाडत असताना एकट्या उंच झाडाखाली माणसे जमवणे जिवावर बेतू शकते. तशी वेळ आली, तर तेराव्या दिवशी घरी थोडक्यात विधी करावा आणि दिवाळीनंतर पांदण वाळली की चिंचेखाली बसावे. जवळच्या पराटीवर (कपाशीवर) नुकतीच फवारणी झालेली नाही याची खात्री करून घ्यावी. झाडावर आग्या मोहोळ आहे का, हेही आदल्या दिवशी पाहावे, कारण उदबत्ती आणि कापराच्या धुराने माश्या उठल्या की पळताभुई थोडी होते.

रक्षेविषयी बाबांची इच्छा पुरवता येईल, पण ती एका खड्ड्यात ओतून वर रोप लावू नये. चितेची राख फार क्षारयुक्त असते आणि आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, त्यामुळे कोवळे रोप जळून जाते. रक्षा धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेने विरळ पसरून मातीत मिसळावी, विहिरीपासून लांब. घरच्या वडीलधाऱ्यांच्या समाधानासाठी थोड्या अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात किंवा नदीत विसर्जित केल्या, तर बाबांच्या शब्दाला बाध येत नाही. ओट्याचा पाया मुरूम लागेपर्यंत खणावा, किंवा खड्डा मुरमाने भरून तो चांगला ठोकून घ्यावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर नुसता रचलेला ओटा फार काळ टिकत नाही. शेतात भावांचे हिस्से असतील, तर ओट्याची जागा कोणाच्या वाट्यात येईल हे आधीच बोलून घ्यावे.

शेतातील बैठकीचे आणखी एक मोल मला फार वाटते. आपल्याकडे बाया सहसा मोक्षधामात जात नाहीत, आणि दारातल्या मांडवात सालदार व वेचणीच्या मजूर बाया पंगतीच्या कडेला उभ्या राहून निघून जातात. चिंचेखाली त्याच बाया बाबांबरोबरच्या कामाविषयी सर्वांत जास्त बोलू शकतील. त्यांना आवर्जून बोलवावे, पुढे बसवावे, आणि तुम्हीही बोलावे.

प्रश्न : माझी आई यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. तिने देहदानाचा अर्ज भरला आहे. भाऊ म्हणतो, की चिता नाही, अस्थी नाहीत, मग आईला गती कशी मिळणार? आम्हा बहिणींना तिचे स्मरण अंगणवाडीतच करावेसे वाटते.

उत्तर : महाराष्ट्रात देहदानाला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे, तरी वेळ आल्यावर देह सोपवायचा तो घरच्यांनीच. त्यामुळे भावाचे मन वळवल्याशिवाय आईचा अर्ज कागदावरच राहील. त्याच्या मनात शंका असेल, तर त्याला सोबत घेऊन यवतमाळच्या किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागात एकदा जाऊन यावे. विद्यार्थी ज्या देहावर शिकतात त्याला किती मान दिला जातो, हे तिथल्या शिक्षकांकडूनच त्याला ऐकू द्यावे. शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजारांनी मृत्यू झालेल्या व्यक्तीचा देह सहसा स्वीकारला जात नाही, म्हणून दहनाचा पर्यायही आधीच ठरवून ठेवावा. नेत्रदान सहा तासांच्या आत होऊ शकते, त्याचीही चौकशी करावी. गाडी येण्यापूर्वी आईला आंघोळ घालून, तिच्या आवडीचे लुगडे नेसवून शेजारपाजारच्या बायांना निवांत दर्शन घेऊ द्यावे. भावाला जो विधी करावासा वाटतो, तो त्याने त्याच वेळी करावा. त्याची श्रद्धाही खरी आहे.

अंगणवाडीतील स्मरणाची कल्पना मला मनापासून आवडली. सरपंच आणि पर्यवेक्षिका यांची परवानगी घेऊन ते सुट्टीच्या दिवशी ठेवावे, म्हणजे लहानग्यांचा आहार बुडणार नाही. आईने ज्या पोरांना वजनकाट्याच्या झोळीत बसवून दर महिन्याला तोलले, ती आज बाप्ये आणि लेकुरवाळ्या झाली असतील. त्यांना बोलवावे आणि पाहुण्यांच्या भाषणांऐवजी त्यांनाच आईविषयी सांगू द्यावे.

प्रश्न : माझ्या दिवंगत मित्राला ताडोबाच्या जंगलाचे वेड होते. त्याच्या अस्थी आम्ही मित्र तिथे टाकू शकतो का?

उत्तर : नाही. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय शिरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथे वाघाची भीती आहे ती वेगळीच. मित्राच्या गावाला २००६ च्या कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेले असतील, तर त्या जंगलात मोहाचे किंवा तेंदूचे झाड त्याच्या नावाने लावण्याची विनंती ग्रामसभेकडे करावी. घरच्यांना विचारूनच अर्ज द्यावा, आणि ठरावाची प्रत वनरक्षकाकडेही पोचवावी.